जेवून निघालेले घोडे

सोलापूर, ७ जुलै

माझे घोडे कुणाला विचारून मागं नेलेत? मी चार घरं पुढं टाकलेली तुकडी तुम्ही उचलून परत तांड्याशेजारी बांधलीत, आणि वर लिहिलंत, "सदर चाल नामंजूर." ही काय मोजणी कचेरी आहे, माझा अर्ज नामंजूर करायला? माझ्या कामावरची रुक्मिणी शेजारी बसून भाकरी थापत होती. तिला वाचून दाखवलं तर म्हणते कशी, "मावशी, ह्ये पाव्हणं घोड्यालाबी सातबारा मागतील की!"

नमस्कार शेवटी घालते. आधी भांडण. आपल्या नातीनं, सिद्धूनं बजावून ठेवलंय, "आजी, फोनवर ओरडायचं नाही. अडलं की पत्रात सगळं पहिल्यापासून लिही, म्हणजे माझ्या नियमाला भोक कुठं आहे ते मला दिसेल." तेव्हा पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला माहीत असलं तरी वाचा.

पट, एक तुमच्याकडं नि तसाच एक माझ्याकडं, म्हणजे आपला भीमाकाठ. नदीच्या दक्षिणेला ब्रह्मपुरीत तुमचा बादशाही तळ, त्यात धान्याचं कोठार. नदीच्या उत्तरेला माझी मराठी फौज आणि माझा बैलांचा तांडा, तीच माझी रसद. ज्याची रसद आधी जळेल तो हरला. घोडे एका डावात चार घरं जातात. तांडा दोन. तोफ एक. पावसाळा आहे म्हणून नदी ओलांडायची तर बेगमपूरच्या उतारावरूनच. इतकं सगळं सरळ आहे. वाकडा एकच, सातवा नियम. पोरीनं लिहिलंय, "रसदेपासून तीन घरांपेक्षा लांब असलेली तुकडी हलू शकत नाही."

माझे घोडे निघाले तेव्हा तांड्याला चिकटून होते. चार घरं गेले, तेव्हा लांब पडले. तुम्ही म्हणता, तिसरं घर ओलांडलं तिथंच त्यांचे पाय थांबायला पाहिजे होते. का ओ? सकाळी दोन भाकरी खाऊन निघालेला माणूस दुपारी मोहोळच्या स्टँडवर मरून पडतो का? भूक निघताना बघायची. जेवून निघाला तर दिवसभर चालेल. दुसऱ्या दिवशी तांडा मागनं आला नाही तर मग बसेल जागेवर, तेव्हा खुशाल नामंजूर करा.

आणि हा नुसता खेळ आहे असं मनात आणू नका. मे महिन्यात माझ्याच अंगणात, माझ्याच ताटात जेवून तुम्ही म्हणालात, "ज्या खेळाचे नियम विहीणबाईंना कळणार नाहीत, तो बाजारात कोण घेणार?" तुमचा शिवपुत्र, म्हणजे माझा जावई, मान डोलवत म्हणाला, "अप्पा म्हणतील तसं." म्हणजे सिद्धूनं हा खेळ बनवायचा उद्योग गुंडाळायचा आणि बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं. तेव्हा मी म्हटलं, मी खेळते तुमच्याशी. तुम्ही हसलात. हसत हसत सगळ्यांसमोर शब्द दिलात, "विहीणबाई जिंकल्या तर पोरीला एक वर्ष मोकळं द्यायला मीच शिवपुत्राला सांगेन." माझी दानम्मा साक्षीला आहे. नवऱ्याच्या बाजूनं खोटं बोलणारी पोरगी मी वाढवलेली नाही.

मी तिसरीपर्यंत शिकले. तुमच्यासारखी कागदं वाचली नाहीत. पण चाळीस वर्षं कडक भाकरी करून गावोगाव पाठवते. कोण किती दिवस कशावर चालतं, ते मला विचारायचं.

आता नमस्कार. खोक्यात भाकरी आहेत, बाजरीच्या वेगळ्या बांधल्यात. उत्तर रिकाम्या खोक्यातून एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्या. माझे घोडे जागेवर ठेवा.

काशम्मा


मंगळवेढा, ११ जुलै

श्रीमती काशम्माबाई यांस वीरभद्रप्पा यांचा शरणु शरणार्थी.

आपले ७ तारखेचे पत्र भाकरीच्या चुऱ्यासह मिळाले. भाषा नेहमीप्रमाणे आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

मुद्द्यावर येतो. चौतीस वर्षे मी शेतांची मोजणी केली. हद्दीबाहेर टाकलेले पाऊल हे बाहेरचेच. शेतकरी निघताना स्वतःच्या शेतात होता म्हणून बांधापलीकडे नांगरलेली जमीन त्याची होत नाही. त्याच न्यायाने आपले घोडे चौथ्या घरात गेले ते बेकायदा गेले. प्रत्येक घराला अंतर मोजले पाहिजे. माझे म्हणणे आजही तेच आहे.

तथापि एक अडचण उद्भवली आहे. मी हे पत्र मोठ्याने वाचून पाहत होतो, ते आमच्या मंडळींनी ऐकले. त्या म्हणाल्या, "तुमी मोजणीला जायचा तवा सकाळी घरी खाऊन जायचा, आन् दिवस मावळंस्तवर चार गावं फिरायचा. तवा कुटं होती रसद?" त्यांना हा पट दाखवायला नको होता.

सबब आपला अर्थ प्रायोगिक तत्त्वावर मान्य करतो. तुकडी निघताना रसदेच्या तीन घरांत असेल तर तिने पूर्ण चाल करावी. मग ती कोठेही पोचो. आपले घोडे मी पुन्हा पुढे ठेवले आहेत. मात्र हा अर्थ दोन्ही पक्षांस सारखाच लागू राहील, याची नोंद घ्यावी. पुढे तक्रार चालणार नाही.

माझी चाल: घोडदळाच्या तिन्ही तुकड्या तळावरच. तोफ कोठाराजवळून एक घर मंगळवेढ्याच्या बाजूस. गाव उघडे ठेवणे बरे दिसत नाही.

आपला
वीरभद्रप्पा


सोलापूर, १७ जुलै

हरलात की पहिल्याच भांडणात! तुमच्या मंडळींना माझा नमस्कार सांगा. खोक्यात तळाशी शेंगाचटणीची पुडी आहे, ती त्यांची. तुमची नाही.

सिद्धूला फोनवर सांगितलं. ती हसत नाही सहसा, त्या दिवशी हसली. म्हणाली, "आजी, हे मी वहीत लिहून घेतलं. तीन वर्षं माझ्या डोक्यात होतं, मला वाटत होतं ते कागदावर आहे." मी म्हटलं, डोक्यातली भाकरी कुणाच्या पोटात जात नाही, ती थापावी लागते. पुण्यातल्या ज्या लोकांना तिचा खेळ छापायचा आहे, त्यांनी म्हणे सांगितलंय, नियमांत वाद शिल्लक राहिला नाही तर घेऊ, पण वर्षभर तिनं त्याच्यामागं राहायला पाहिजे. मला त्या खेळाचं एवढं कौतुक नाही. लाकडाच्या घोड्यांना जाळणं हा बाईनं करायचा धंदा आहे की नाही, ते मला माहीत नाही. पण एका कामाला तीन वर्षं चिकटलेलं माणूस मी ओळखते. तसल्या बाया मला भाकरीच्या कामावर मिळत नाहीत.

माझी चाल लिहा. तांडा दोन घरं पुढं, नदीकडं. म्हणजे माझे पुढचे घोडे आता तांड्यापासून तीन घरांवर आले, जेवले. ते आहेत तिथंच राहतील. तळावर तुमच्या तीन तुकड्या बसून आहेत तोवर मी नदी ओलांडायची नाही. मी काय वेडी आहे?

तोफ मंगळवेढ्याकडं का नेलीत ते कळलं नाही. माझा एक घोडा तरी तिकडं आहे का? पटावर तुमचं घर आहे म्हणून तोफ दारात लावून घेतलीत व्हय? लावा, लावा.

एक विचारते, सरळ उत्तर द्या. दानम्माचा फोन आला होता. शिवपुत्र क्लासची चौकशी करत फिरतोय म्हणाली. खेळ अजून चालू आहे. मग हे कुणाच्या सांगण्यावरनं?

काशम्मा


मंगळवेढा, १८ ऑगस्ट

श्रीमती काशम्माबाई यांस शरणु शरणार्थी.

प्रकृती व इतर कामांमुळे उत्तरास महिना लागला, क्षमस्व. त्यातच उजनीचे पाणी सोडल्याने भीमा भरून वाहते आहे. बेगमपूरच्या पुलावरून वाहतूक बंद आहे. एसटी मोहोळ-पंढरपूर असा वळसा घालून येते. आपले मागचे खोके दोन दिवस उशिरा पोचले. भाकरी मात्र एकही तुटलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

आता माझी चाल. कृपया बसून वाचावी.

घोडदळाच्या तिन्ही तुकड्या कोठाराला लागून होत्या, म्हणजे जेवून निघाल्या. बेगमपूरच्या उतारावरून नदी ओलांडून, चार घरे चालून, त्या आता आपल्या तांड्याला खेटून उभ्या आहेत. निघताना रसद जवळ असली की पुरे, हा अर्थ आपलाच, माझ्याकडे लेखी आहे. उताराच्या वळशातले एक घर कोठारापासून तीन घरांबाहेर पडते; माझ्या जुन्या अर्थाने माझे घोडे तेथेच थांबले असते. आपण मला वाट मोकळी करून दिलीत, त्याबद्दल आभारी आहे.

तोफ आणखी एक घर मंगळवेढ्याकडे.

पुढच्या डावात मी एक पाऊल टाकेन आणि आपला तांडा जळेल. दोन घरे मागे घेतलात तरी माझे घोडे चार घरे धावतात. डाव येथेच संपला असे समजून, आपणच सिद्धेश्वरीला समजावून सांगितलेत तर बरे दिसेल. पोरगी आपले ऐकते. १ सप्टेंबरपासून क्लास सुरू होत आहे, म्हणून लिहिले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर भेटीत देईन.

आपला
वीरभद्रप्पा


सोलापूर, २१ ऑगस्ट

प्रकृती? पुण्याला लेकाकडं जाऊन आठ दिवस राहून आलात, ही कसली प्रकृती? दानम्मानं सगळं सांगितलं. तुम्ही आणि शिवपुत्र जाऊन क्लासात सिद्धूचं नाव लिहून आलात. पोरगी त्या दिवसापासून जेवणाच्या ताटावर बोलत नाही. डाव चालू असताना निकाल लावून आलात, पाव्हणं. मोजणीला जायच्या आधीच तुम्ही नकाशा काढून ठेवायचा काय?

तुमची चाल मी बसूनच वाचली. उभी राहून वाचली असती तरी पडले नसते. रुक्मिणी घाबरली. "मावशी, तांड्याजवळ आलं की वो त्ये," म्हणाली. मी म्हटलं, येऊ दे. जेवायला काय आहे त्यांच्याकडं ते बघू.

माझी चाल एकच. पुढचे घोडे बेगमपूरच्या उतारावर. तांडा जागेवरून हलवत नाही. उतारापासून तांडा तीन घरांच्या आत आहे, माझे घोडे जेवलेले आहेत.

आता तुम्ही बसून वाचा. तुमच्या तीन तुकड्या नदीच्या उत्तरेला. तुमचं कोठार दक्षिणेला. मधे पुराची नदी, ओलांडायची वाट एक, आणि त्या वाटेवर माझे घोडे. शत्रूच्या घरातनं रसद जात नाही, हा आठवा नियम, त्यावर वाद नाही. तुमचे घोडे मागच्या डावात जेवून निघाले, खरं. या डावात निघताना उपाशी आहेत. उपाशी तुकडी हलत नाही. तांड्याला खेटून उभे आहात, तर उभे राहा. वास घ्या.

तळावर कोण राहिलं सांगा बरं? कुणी नाही. तोफ तुमच्या दारात.

काशम्मा


मंगळवेढा, २४ ऑगस्ट

श्रीमती काशम्माबाई यांस शरणु शरणार्थी.

आपली हरकत वाचली. ती फेटाळण्यात येत आहे.

नियमात "रसदेपासून तीन घरे" एवढेच शब्द आहेत. मी पट टेबलावर पसरून पट्टी लावली. कोठारापासून माझ्या तुकड्यांपर्यंत नदीवरून सरळ रेषेत बरोबर तीन घरे भरतात. अधिक नाही, उणे नाही. दोनदा मोजले. घोडे येताना उतारावरून वळसा घालून चार घरे चालले, हे खरे. पण अंतर हे अंतर असते. दोन गावांमध्ये नदी असली म्हणून नकाशावर ती एकमेकांपासून लांब जात नाहीत. आपल्या घोड्यांनी उतार अडवला आहे, त्याने माझी चालण्याची वाट अडते. मोजण्याची रेषा अडत नाही. "रस्त्याने मोजावे" असे नियमात कोठे लिहिले आहे ते दाखवावे.

पुण्याच्या बाबतीत आपण लिहिले ते कठोर आहे, पण खोटे नाही. शिवपुत्र काळजीत होता. मुलाला नाही म्हणवले नाही. नाव मी घातले नाही, मी फक्त सोबत होतो. तरीही मी दिलेला शब्द डावापुरता कायम आहे: आपण जिंकलात तर नाव काढून घेण्यास सांगेन. पण आपण जिंकलेल्या नाहीत.

माझी चाल: घोडदळ एक घर, तांड्यावर. तांडा जळाला. खेळ समाप्त.

सोमवारचे खोके अजून पोचलेले नाही. घरातल्या भाकरी संपल्या आहेत. मंडळी रोज विचारतात.

आपला
वीरभद्रप्पा


सोलापूर, २८ ऑगस्ट

माझा तांडा जळालेला नाही, आणि तुम्हाला या खेपेला भाकरीही मिळणार नाही. म्हणजे मिळणार नाही असं नाही. सांगते.

पूल अजून बंदच आहे. मी काय केलं, पन्नास भाकरींचं खोकं बांधलं, वर तुमचं नाव घातलं, आणि मंगळवेढ्याच्या गाडीत दिलंच नाही. मोहोळकडच्या एका टेम्पोत घालून बेगमपूरला पाठवलं. तिथं नदीच्या काठाला वैजयंतीचं चहाचं दुकान आहे, ती माझ्याकडनंच भाकरी घेते. तिच्या फळीवर खोकं ठेवायला सांगितलंय. हे पत्र तेवढं वळशाच्या गाडीनं पाठवते.

तर आता पट्टी काढा. बेगमपूर नदीच्या या काठाला, माचणूर त्या, तुमच्या काठाला. मधे नुसती नदी. तुमच्या नकाशावर बोटभर अंतर असेल. तुमच्याच मोजणीनं रसद तुमच्या जवळ आहे, अगदी हाताशी आहे. मग जा की आणि जेवा! रेषेवरनं चालत जा. कुणी अडवलंय?

सोमवारचं खोकं अजून पोचलं नाही म्हणून रडता, ते कशामुळं? सोलापूर लांब गेलं का? सोलापूर होतं तिथंच आहे. नकाशा होता तसाच आहे. वाट गेली, म्हणून भाकरी गेली. ज्वारीचं पोतं पट्टीवरनं घरंगळत येत नसतं, पाव्हणं. ते बैलाच्या पाठीवर येतं, आणि बैलाला पाय ठेवायला जमीन लागते. जमीन मोजणाऱ्याला अंतर म्हणजे काय ते कळतं. पण पोहोचणं म्हणजे काय, ते खोकी बांधणाऱ्याला विचारावं लागतं.

"रस्त्यानं मोजावे असे कोठे लिहिले आहे," असं विचारलंत. कुठंच लिहिलेलं नाही. सरळ रेषेनं मोजावं असंही कुठं लिहिलेलं नाही. नियम गप्प आहे. म्हणून मी विचारते, हे अंतर मोजायचं तरी कशाला? घोड्याला खायला मिळतं की नाही ते बघायला. मग खाणं ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं मोजायचं. उतार माझ्याकडं, दुसरी वाट नाही, तेव्हा तुमच्या घोड्यांपासून कोठार तीन घरांवर नाही, तीस घरांवरही नाही. ते नाहीच.

तुमची चाल तुम्ही परत घ्या. मी घेत नाही, मला कुणाचे घोडे उचलायची सवय नाही. जे हलू शकतं ते हलवा. तुमच्याकडं तोफ आहे.

नमस्कार तुमच्या मंडळींना. त्या उपाशी राहिल्या तर त्याचा दोष नकाशाला द्या.

काशम्मा


मंगळवेढा, १ सप्टेंबर

श्रीमती काशम्माबाई यांस शरणु शरणार्थी.

परवा माचणूरला जाऊन आलो. मंडळी बरोबर यायचे म्हणाल्या, त्यांना नाही म्हणता आले नाही. घाटाच्या वर उभे राहिलो. पाणी लाल, झाडे वाहून येत होती. पलीकडे बेगमपूरची घरे दिसतात. माणसे ओळखू येणार नाहीत इतपत. मी खिशातून वही काढली आणि सवयीने अंदाजे अंतर लिहिले. मंडळींनी विचारले, "किती भरलं?" मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आना की." तेथे दहा-बारा लोक पाणी बघायला उभे होते. ते सगळे हसले.

वही मिटली. घरी आल्यावर मी नियम पुन्हा लिहून काढला आहे, तो सिद्धेश्वरीस पाठवावा:

"प्रत्येक तुकडीची रसद तिची चाल सुरू होण्यापूर्वी एकदाच तपासावी. रसद जेथून प्रत्यक्ष जाऊ शकेल अशा घरांतूनच अंतर मोजावे. पुरातील नदी व शत्रूची घरे वगळावीत. असे अंतर तीन घरांपेक्षा अधिक भरल्यास, किंवा वाटच नसल्यास, ती तुकडी त्या डावात हलू शकत नाही."

यात आता वादास जागा नाही असे वाटते. दोन्ही मुद्दे आपले आहेत. शब्द माझे.

घोडदळाची चाल मागे घेतली. हलू शकणारी एकच वस्तू म्हणजे तोफ. ती एक घर कोठाराकडे परत आणली. तोफ व कोठार यांच्यामध्ये अजून एक घर आहे. तोफ शेजारच्या घरापलीकडे मारत नाही. आपली पुढची चाल मला दिसते आहे. ती लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. मी हरलो.

शिवपुत्राशी बोलण्याबाबत: क्लास आजच सुरू झाला आहे. तो सध्या कामाच्या गडबडीत आहे, चिडेल. दिवाळीला सगळे एकत्र जमू तेव्हा शांतपणे विषय काढू, असे मनात आहे. तोवर पोरीने जात राहावे. आपले मत कळवावे.

पूल आज सकाळी सुरू झाला.

आपला
वीरभद्रप्पा


सोलापूर, ४ सप्टेंबर

कष्ट कसले! ही चाल मी लिहिणार. रुक्मिणीला, बाकीच्या चौघींना हातातलं पीठ धुऊन समोर बसवलंय आणि मोठ्यानं वाचत लिहितेय.

बेगमपूरच्या उतारावरचे घोडे, जेवलेले, दोन घरं दक्षिणेला. ब्रह्मपुरीचा तळ. राखणीला कुणी नाही. कोठारात शिरले. कोठार जळालं. बादशाही रसद संपली. मराठी फौज जिंकली. खाली तारीख घातली आणि सही केली. तुमच्या पटावरही तसंच करा. कोठाराचा ठोकळा उचलून खोक्यात घाला आणि मला पाठवून द्या. तो माझा आहे आता. मी तो ज्वारीच्या डब्यावर ठेवणार.

बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "मावशी, लई म्होटा पाव्हणा हाय व्हय त्यो?" मी म्हटलं, पेन्शनीतला सरकारी माणूस आहे, नियमानं हरलाय, त्याला हसू नका. तरी हसल्या.

तुम्ही लिहिलेला नियम मी सिद्धूला फोनवर वाचून दाखवला. तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "आजी, हा जसा आहे तसा छापणार." नियम चांगला लिहिलाय तुम्ही. मी लिहिला असता तर त्यात दोन शिव्या आल्या असत्या. पण एक ऐकून ठेवा. तुम्हाला हरवायला मला दोन महिने लागले, आणि त्यात तुम्ही एकदाही पट उधळला नाहीत. खोटं मोजलंत, पण मोजलेलं लपवलं नाहीत. पुण्याचं तेवढं लपवलंत. ते सोडलं तर तुमच्याशी खेळायला हरकत नाही.

आता कामाचं. दिवाळी? दिवाळीला काय शिवपुत्र शांत होतो? दिवाळीपर्यंत पोरगी दोन महिने क्लासात बसेल, मग म्हणाल निम्मं झालंय, आता पुरं कर. मग परीक्षा. मग निकालाची वाट. वर्ष असं एकेक घर मागं नेऊन संपवायचं, हे मला कळत नाही व्हय? चाल झाली, निकाल लागला, आता कोण चिडतं ते बघत बसायचं नाही. तुम्ही मे महिन्यात सगळ्यांसमोर म्हणालात, मीच सांगेन. सांगा. आज सांगा. तो चिडला तर माझं नाव सांगा, माझ्यावर चिडू दे. मला जावयाच्या रागाची सवय आहे, मी त्याला लग्नात पाहिलंय.

ही सगळी पत्रं मी बांधून दानम्माकडं पाठवतेय, तुमची आणि माझी, ओळीनं लावून. शिवपुत्रानं ती पहिल्यापासून वाचायची आहेत. लेकीनं केलेली वस्तू काय आहे, ते त्यानं एकदाही बघितलेलं नाही. दोन म्हाताऱ्यांना दोन महिने ज्या वस्तूनं कामधंदा सोडून भांडायला लावलं, ती वस्तू पोरखेळ आहे की काय आहे, ते वाचून त्यानं ठरवावं. ठरवणं म्हणजे वर्ष द्यायचं की नाही ते नाही. ते ठरलंय. वर्ष कधीपासनं सुरू करायचं, तेवढं त्यानं सांगायचं.

तुमच्या मंडळींना नमस्कार. पूल सुरू झाला, खोकं सरळ येईल. शंभर भाकरी आहेत, पन्नास त्यांच्या, पन्नास बेगमपूरला गेल्या त्यांच्या बदल्यात. त्या आधीच्या पन्नास वैजयंतीनं विकल्या म्हणे, पुराचं पाणी बघायला आलेल्या माणसांना.

या पत्राला तुम्ही उत्तर द्यायचं नाही, पाव्हणं. दानम्मानंही द्यायचं नाही, आणि फोन तर कुणीच करायचा नाही. उत्तर शिवपुत्रानं द्यायचं, स्वतःच्या हातानं, कागदावर. आणि ते माझ्या नावानं पाठवायचं नाही. सिद्धूच्या नावानं लिहून तिच्या हातात द्यायचं.

काशम्मा